गुण, बिल्ले आणि माणसे

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजचा विषय संयोजकांनी मला सुचविला, तेव्हा प्रथम थोडा संकोच वाटला. मी कलाशाखेचा पदवीधर. संगणकाचे शास्त्र मला येत नाही. परंतु पत्रकारितेत तीस वर्षे घालविलेल्या माणसाला एक सवय जडते. माणसे कशासाठी धावतात, कशासाठी थांबतात, कौतुकाने फुलतात कशी आणि त्याच कौतुकाने बिघडतात कशी, हे तो पाहत राहतो. आजचा विषय वरकरणी संगणकाचा असला तरी मुळात तो याच निरीक्षणाचा आहे. या सभागृहात संगणक क्षेत्रात काम करणारे अनेक तरुण बसले आहेत. त्यांपैकी काही जण स्वयंसेवी कामांसाठी संकेतस्थळे उभारतात, अभ्यासगट चालवितात. त्यांच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न असतो : लोक यावेत, टिकावेत, आपण होऊन काम करावे, यासाठी गुण, बिल्ले, क्रमवारी यांची योजना करावी की नाही? आणि सभागृहात त्यांच्या दुप्पट संख्येने आई-वडील बसले आहेत. त्यांच्या मुलांवर हीच योजना रोज सकाळ-संध्याकाळ राबविली जात असते, त्यांच्या नकळत.

या योजनेला इंग्रजीत गेमिफिकेशन म्हणतात. कोणी 'क्रीडाकरण' असा प्रतिशब्द सुचवितात. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे : जे काम मुळात खेळ नाही त्याला खेळाची अंगे जोडणे. केलेल्या कामाबद्दल गुण, ठरावीक टप्पा गाठल्यावर बिल्ला, पहिल्या दहांची यादी, सलग किती दिवस आलात याचा हिशेब. २०१० सालच्या सुमारास हा शब्द व्यवस्थापनाच्या जगात एवढा लोकप्रिय झाला की जो तो आपल्या उत्पादनाला बिल्ले चिकटवू लागला.

कल्पना मात्र नवी नाही आणि ती पश्चिमेतून आली असेही नाही. आपल्याकडील मोक्षपट आठवा. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वर माउलींकडे नेते. त्या पटावरील घरांना नुसते क्रमांक नव्हते, नावे होती. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाई, दुर्गुणाच्या घरातील साप खाली आणी. मूल कवड्या टाकत खेळे आणि खेळता खेळता कोणत्या गुणाने माणूस चढतो व कोणत्या दोषाने घसरतो, हे शिके. १९व्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडला पोहोचला. तेथील पहिल्या पटांवरही तेथल्या नीतिकल्पनांची चित्रे होती. पुढे ती पुसट होत गेली आणि आज दुकानात मिळणाऱ्या सापशिडीवर केवळ १ ते १०० एवढे आकडे उरले आहेत. साप आहे, शिडी आहे, पण आपण का चढलो आणि का घसरलो याचा पत्ता नाही. हे चित्र मनात ठेवा. पुढे जे सांगणार आहे त्यात ते पुन्हा उपयोगी पडेल.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील जोएल स्पोल्स्की व जेफ अॅटवूड या दोघांनी स्टॅक ओव्हरफ्लो नावाचे संकेतस्थळ सुरू केले. जगभरातील प्रोग्रामर मंडळींनी अडलेले प्रश्न तेथे विचारावेत आणि जाणकारांनी उत्तरे द्यावीत, एवढाच हेतू. मानधन नाही, फी नाही. तरीही लक्षावधी लोकांनी तेथे कोट्यवधी उत्तरे लिहिली. पुण्या-मुंबईच्या, बंगळूरच्या कंपन्यांत बसलेली आपली मुलेसुद्धा रात्री अकरा वाजता अडलेल्या ओळीचे उत्तर तेथेच शोधत आणि त्यांतील कित्येक जण परक्या देशातील अनोळखी माणसाला उत्तर लिहून देत. हे कसे घडले?

त्यामागची रचना पाहण्यासारखी आहे. तुमचे उत्तर कोणाला उपयोगी वाटले तर तो अनुकूल मत देतो आणि तुम्हांला १० गुण मिळतात. प्रश्नकर्त्याने ते उत्तर स्वीकारले तर आणखी १५. उत्तर चुकीचे वा निरुपयोगी वाटले तर प्रतिकूल मत पडते आणि २ गुण जातात. पण येथे एक मौज आहे : दुसऱ्याच्या उत्तराला प्रतिकूल मत देणाऱ्याचाही १ गुण कापला जातो. निंदा फुकट मिळत नाही! आपल्या सार्वजनिक जीवनात हा नियम लागू झाला तर किती शांतता नांदेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. शिवाय मतांतून दिवसाला २०० पेक्षा जास्त गुण मिळू शकत नाहीत, म्हणजे एकाच दिवशी झपाटून बसण्यात फारसा लाभ नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे गुण दाखविण्यापुरते नाहीत. १५ गुण झाले की अनुकूल मत देण्याचा अधिकार मिळतो, ५० झाले की कोणाच्याही लेखनावर टिप्पणी करता येते, १२५ झाले की प्रतिकूल मत देता येते, २००० झाले की इतरांचे लेखन थेट सुधारता येते आणि ३००० झाले की अयोग्य प्रश्न बंद करण्यासाठी मत देता येते. एखाद्या संस्थेत कार्यकर्ता आधी सतरंज्या घालतो, मग वर्गणी गोळा करतो, मग हिशेब सांभाळतो आणि कधीतरी कार्यवाह होतो, तसाच हा क्रम आहे. गुण वाढले की जबाबदारी वाढते. आणि आपल्याला एखाद्या प्रश्नाचे उत्तर तातडीने हवे असेल तर स्वतःचे गुण बक्षीस म्हणून लावता येतात, ते परत मिळत नाहीत. कमावलेली प्रतिष्ठा खर्च करण्याची ही सोय मला या रचनेतील सर्वांत सुंदर भाग वाटतो.

एवढी विचारपूर्वक केलेली रचना. तरीही ती कोठे वाकडी झाली, हे पाहिले पाहिजे.

पहिला दोष अगदी आरंभीच दिसला. जो आधी उत्तर देतो त्याचे उत्तर अधिक लोक वाचतात, म्हणून त्याला अधिक मते पडतात. साहजिकच प्रश्न येताच दोन ओळींचे कसेबसे उत्तर टाकायचे आणि मग सावकाश त्यात भर घालायची, अशी रीत पडली. तेथील लोकांनीच तिला काउबॉय चित्रपटांतील पिस्तूलबाजीवरून थट्टेचे नाव दिले. जो तासभर विचार करून नेमके उत्तर लिहितो, तो पोहोचेपर्यंत गर्दी पांगलेली असते. दुसरे असे की, सोपा प्रश्न हजारोंना कळतो आणि कठीण प्रश्न मोजक्यांना. सोप्याला मते भरपूर, कठिणाला दोन-चार. म्हणजे ज्ञानाच्या दृष्टीने जे अधिक मोलाचे, ते गुणांच्या बाजारात स्वस्त ठरले. यात कोणाची अप्रामाणिकता नव्हती, हे ध्यानात घ्या. मापच तसे होते.

बिल्ल्यांविषयी तर शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर एक सोनेरी बिल्ला आहे. तो मिळविण्यासाठी ६०० प्रश्नांवर मत द्यावे लागते आणि आपल्या एकूण मतांपैकी किमान २५ टक्के मते प्रश्नांवर दिलेली असावी लागतात. लोक उत्तरांवर मते देतात, प्रश्नांवर देत नाहीत, म्हणून ही योजना. अॅश्टन अँडरसन, जॉन क्लाइनबर्ग आदी संशोधकांनी २०१३ साली अशा बिल्ल्यांचा परिणाम तपासला. आढळले ते असे : बिल्ला जवळ आला की माणूस त्या कामाचा वेग वाढवितो, आणि बिल्ला हाती पडला की तो वेग पुन्हा खाली येतो. आलेख काढला तर जणू एक डोंगर दिसतो, ज्याच्या शिखरावर बिल्ला ठेवलेला आहे. आता यावरून बिल्ला निष्फळ ठरतो काय? नाही. तेवढ्या काळात काम निश्चित झाले. पण 'सवय लागावी म्हणून बिल्ला' असे जे सांगितले जाते, ते या आलेखात दिसत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा विद्यार्थी आणि निकालानंतरचे त्याचे पुस्तक, हे चित्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे.

तिसरा प्रसंग अलीकडचा आणि सर्वांत गंभीर. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन खुले झाले. आठवडाभरातच स्टॅक ओव्हरफ्लोला त्याने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घालावी लागली. कारण सरळ होते. यंत्राकडून क्षणात उत्तर मिळे, ते दिसायला सुबक असे, भाषा आत्मविश्वासाची असे आणि त्यात चुका पुष्कळ असत. ती तपासायला मात्र जाणकार माणसाचा वेळ लागे. जेथे उत्तराला गुण आहेत, तेथे उत्तरांचा कारखाना निघणारच. गुणांची योजना माणसाच्या कष्टांवर उभी होती. कष्टांशिवाय तेच फळ हाती येऊ लागले, तेव्हा ती योजनाच पुराचे दार ठरली.

पुढचे वर्ष आणखी काही शिकवून गेले. यंत्रलिखित मजकूर काढून टाकण्याच्या स्वयंसेवक नियामकांच्या अधिकारावर कंपनीने मर्यादा घातल्या, तेव्हा जून २०२३ मध्ये त्या नियामकांनी आणि अनेक अनुभवी सदस्यांनी काम थांबविले. तो संप ऑगस्टमध्ये वाटाघाटींनंतर मिटला. यांतील अनेकांपाशी गुणांच्या राशी होत्या, बिल्ल्यांच्या माळा होत्या. त्यांनी काम थांबविले ते गुण कमी पडले म्हणून नव्हे. आपण वर्षानुवर्षे जपलेल्या ज्ञानभांडाराची विश्वासार्हता जात आहे आणि आपले कोणी ऐकत नाही, ही त्यांची तक्रार होती. म्हणजे ज्या निष्ठेच्या बळावर ते स्थळ उभे होते, ती मोजणारा आकडा त्यांच्या फलकावर कधी नव्हताच. त्यानंतरच्या काळात तेथे येणारे प्रश्न मोठ्या प्रमाणावर घटले. लोक आता थेट यंत्रालाच विचारतात, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते.

येथे एक छोटे विषयांतर करतो. १९९७ साली रॉब माल्डा यांनी सुरू केलेल्या स्लॅशडॉट या अमेरिकन संकेतस्थळाने आपल्या सदस्यांच्या गुणांना चक्क 'कर्म' हे नाव दिले, आणि पुढे रेडिटनेही तोच शब्द उचलला. आपला शब्द सातासमुद्रापलीकडे गेला याचा आनंद मानावा, तर तो नेमका उलट्या अर्थाने गेला. आपल्या कल्पनेतील कर्माची शिल्लक कोणाला दिसत नाही, करणाऱ्यालाही नाही. तेथे ती नावापुढे झळकू लागली. गंमत पुढेच आहे : लोक त्या आकड्यासाठीच लिहू लागलेले पाहून स्लॅशडॉटने आकडा दाखविणे बंद केले आणि त्याऐवजी 'चांगले', 'उत्कृष्ट' असे शब्द ठेवले. निष्काम कर्मयोगाची भाषा येथे आणण्याचा मोह मला होतो आहे, पण तो आवरतो. संकेतस्थळ चालविणाऱ्याला सदस्य संत असतील असे गृहीत धरून चालता येत नाही. त्याला सामान्य माणसे घेऊनच काम करायचे असते, आणि सामान्य माणसाला दाद हवी असते. त्यात गैर काही नाही.

मग दाद कशी द्यावी? या बाबतीत विकिपीडियाचा अनुभव मला अधिक मोलाचा वाटतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. तेथे काम करणारे मूठभर स्वयंसेवक कोणत्याही मोबदल्याविना आपल्या भाषेचा ज्ञानकोश घडवीत आहेत. विकिपीडियावर 'बार्नस्टार' नावाची प्रथा २००३ पासून रूढ आहे. एका संपादकाला दुसऱ्याचे काम आवडले की तो त्याच्या चर्चापानावर एक तारा ठेवतो आणि खाली लिहितो, अमुक लेखासाठी तुम्ही जे कष्ट घेतले त्याबद्दल. त्याला टप्पा नाही, गणित नाही. तो यंत्र देत नाही, माणूस देतो.

मायकेल रेस्टिव्हो व आर्नाउट व्हॅन डे रिट या संशोधकांनी याचा प्रयोग केला. सर्वाधिक काम करणाऱ्या १ टक्का संपादकांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही जण निवडून त्यांना असा तारा दिला आणि तशाच इतरांना दिला नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तारा मिळालेल्यांचे काम इतरांच्या तुलनेत ६० टक्क्यांनी अधिक राहिले. याना गालुस यांनी जर्मन भाषेतील विकिपीडियावर नवागतांना प्रतीकात्मक गौरव देऊन पाहिला. त्यांच्या २०१७ च्या शोधनिबंधानुसार नवे लोक टिकून राहण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढले आणि हा परिणाम वर्षभर टिकला. ना पैसा, ना अधिकार. कोणीतरी पाहिले, एवढेच.

हा तारा बिल्ल्यापेक्षा वेगळा का ठरतो? याचे उत्तर मला एका जुन्या प्रयोगात सापडते. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतील एका बालवाडीत चित्रे काढण्याची आवड असलेली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले, चित्र काढलेस तर सोनेरी शिक्का आणि फीत असलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता चित्र झाल्यावर तेच दिले. काहींना काहीच दिले नाही. काही दिवसांनी ही मुले मोकळ्या वेळात काय करतात ते पाहिले. ज्यांना आधी आमिष दाखविले होते, ती इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रे काढत होती. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. बक्षिसाने आवड मारली नाही, आधी ठरविलेल्या सौद्याने मारली. मूल मनाशी म्हणाले असेल, हे चित्र मी बक्षिसासाठी काढतो; बक्षीस नाही, तर चित्र कशाला?

पालकांनी हे आपल्या घरात पडताळून पाहावे. 'पाढे म्हण, चॉकलेट देतो' हे वाक्य आपण सर्वांनी उच्चारलेले आहे.

आणि आता मुलांच्या हातातील खेळण्याविषयी. गुण आणि बिल्ले यांहूनही प्रभावी असे एक अस्त्र आहे, त्याला स्ट्रीक म्हणतात; सलग दिवसांची साखळी. ड्युओलिंगोसारख्या भाषाशिक्षणाच्या अॅपवर तुम्ही सलग किती दिवस धडा केला याचा आकडा ज्वाळेच्या चिन्हासह दिसतो. स्नॅपचॅटवर दोन मित्रांनी रोज एकमेकांना छायाचित्र पाठविले की त्यांच्या नावापुढे तशीच ज्वाळा पेटते, आणि एक दिवस चुकला की ती विझते. साखळी जेवढी लांब, तेवढी तुटण्याची धास्ती मोठी. सहलीला किंवा गावी जाताना मुले आपला पासवर्ड मैत्रिणीच्या हवाली करतात, का, तर ज्वाळा विझू नये! मैत्री राहिली बाजूला, मैत्रीचा मीटर चालू ठेवण्याची चाकरी उरली. सापशिडीच्या पटावरून नावे पुसली गेली आणि आकडे राहिले, ते हेच.

प्रौढांचे वेगळे नाही. गिटहब या संकेतस्थळावर जगभरचे प्रोग्रामर आपले काम ठेवतात. तेथे प्रत्येकाच्या पानावर सलग कामाच्या दिवसांचा आकडा दिसत असे. मे २०१६ मध्ये तो पूर्वसूचना न देता काढून टाकण्यात आला. संशोधकांनी आधीचा आणि नंतरचा काळ ताडून पाहिला. २०२१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष बोलका आहे : लांबलचक साखळ्या तुटल्या, शनिवार-रविवारचे काम कमी झाले आणि दिवसभरात केवळ एकच किरकोळ नोंद, असे दिवसही कमी झाले. या शेवटच्या वाक्याचा अर्थ लावा. ते दिवस कामाचे नव्हतेच, हजेरीचे होते. सुट्टीच्या दिवशी घरच्यांसमवेत जेवायला बसलेला माणूस उठून एक ओळ लिहून येत होता.

तेव्हा जे तरुण अशी रचना करू इच्छितात, त्यांच्याशी थोडे स्पष्ट बोलतो. गुण ठेवायचेच असतील तर ते जबाबदारीशी बांधा, शोभेसाठी ठेवू नका. दिवसाची मर्यादा घाला. निंदेला किंमत लावा. पहिल्या दहांची यादी शक्यतो लावूच नका. ती दहांना उत्साह देते आणि उरलेल्या नऊशे नव्वदांना रोज सांगते की तुम्ही त्यात नाही. डिग या एके काळच्या लोकप्रिय संकेतस्थळाने २००७ साली आपली अशी यादी काढून टाकली होती. सलग दिवसांची साखळी तर मुलांसाठीच्या कोणत्याही योजनेत नकोच. एक दिवस आजारी पडलेल्या मुलाला शून्यावर आणणारी रचना कोणते शिक्षण देते?

आणि एक माणूस नेमा. होय, माणूस. त्याचे काम एवढेच की आठवड्यातून एकदा बसून पाहायचे, कोणाचे काम कोणाच्या लक्षात आले नाही. कठीण प्रश्नाचे उत्तर लिहिणारा, चुका दुरुस्त करणारा, नव्याला समजावून सांगणारा. त्याला नावानिशी, कामानिशी चार ओळी लिहायच्या. हे काम यंत्राला देऊ नका. यंत्राने पाठविलेले अभिनंदन आणि बँकेचा वाढदिवसाचा संदेश यांत फरक कोणाला जाणवत नाही. शंभर-दोनशे सदस्यांच्या गटात असे करणे सहज शक्य आहे. हजारो झाले तर चार माणसे नेमावी लागतील, आणि तेथे खरी अडचण येते हे मला मान्य आहे. स्टॅक ओव्हरफ्लोएवढ्या विस्ताराला ही रीत पुरली असती असा माझा दावा नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांचे गट तेवढे मोठे नाहीत, आणि मोठे दिसण्याच्या घाईत आपण मोठ्यांची यंत्रे उसनी आणतो.

आणखी एक प्रश्न रचना करण्यापूर्वी स्वतःला विचारून पाहावा. उद्या सकाळी सगळे गुण, सगळे बिल्ले पुसले गेले, तर आपल्या गटातील किती जण परवा कामाला येतील? ज्यांची नावे तुम्हांला निःशंकपणे सांगता येतील, त्यांना आज रात्री फोन करा. त्यांना काय हवे आहे, काय खटकते आहे, ते विचारा. बिल्ल्याचा रंग नंतर ठरवू.

प्रश्नोत्तरांसाठी संयोजकांनी वीस मिनिटे राखून ठेवली आहेत. त्यांतील तीन मी आधीच घेतली आहेत, तेव्हा येथे थांबतो.